गवंड्याची टेकडी

बर्फ पडला की रस्ते मोकळे करायचे, हे थंड मुलखातल्या कुठल्याही नगरपालिकेचे हिवाळ्यातले पहिले काम. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातले स्टीमबोट स्प्रिंग्ज हे गाव फेब्रुवारीत एकदा नेमके याच्या उलट वागते. एरवी बाजूला सारायचा तो बर्फ ट्रकांत भरून गावच्या मुख्य रस्त्यावर आणून ओततात, यंत्राने सारखा करतात, आणि लिंकन ॲव्हेन्यू नावाचा महामार्गाचा तो तुकडा पांढरा होऊन जातो. दुकानांच्या दारांत दुतर्फा माणसे उभी असतात. मधून घोडा दौडत येतो. घोड्याच्या मागे दोर, आणि दोराच्या टोकाला पायांत स्की बांधलेले एखादे चिमुरडे पोर. कानटोपीतून फक्त नाक दिसते. पोर पडते, उठते, टोपी सावरते, आणि लोक टाळ्या वाजवतात. मागोमाग शाळेचे बँडपथक येते. तेही स्कीवर. १९३५ पासून हे पथक असेच स्की घालून वाजवत आले आहे. पितळी वाद्यांच्या कळा थंडीत गोठतात, ओठ बधिर होतात, सूर थोडा इकडेतिकडे होतो. कोणी तक्रार करीत नाही.

या उत्सवाचे नाव विंटर कार्निव्हल. पहिला भरला १९१४ च्या फेब्रुवारीत. तेव्हापासून स्टीमबोटचा हिवाळा या उत्सवाभोवती फिरतो. रस्त्यावरून मान वर केली की यांपा नदीपलीकडे एक टेकडी दिसते. तिच्या उतारावर झाडे तोडून आखलेले रुंद पट्टे आहेत, आणि वरच्या अंगाला उडीचे मचाण. ही हॉवेलसन हिल. स्की घालून उडी मारण्याच्या खेळाची टेकडी. १९१५ मध्ये तिच्यावर उड्या सुरू झाल्या आणि आजही सुरू आहेत. उत्तर अमेरिकेत इतका काळ सलग चालू राहिलेले स्कीचे मैदान दुसरे नाही, असे गाव अभिमानाने सांगते. उत्सवाच्या निमित्ताने आज या टेकडीविषयी लिहायचे आहे. वस्ती जेमतेम तेरा हजारांची, पण हिवाळी ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या खेळाडूंची संख्या हे गाव शंभराच्या घरात मोजते. त्यांतले कितीतरी जण याच उतारावर पडायला आणि उठायला शिकले. एवढे ऑलिंपिक खेळाडू एवढ्याशा गावात कसे, असे कुतूहल कोणालाही वाटेल. आम्हाला मात्र त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा, की ही टेकडी शंभरांहून अधिक वर्षे टिकली कशी?

बर्फ कधी पायाखाली न आलेल्या वाचकासाठी आधी खेळ समजून घेऊ. खेळाडू उंचावरच्या फळीवर बसतो, फळी सोडतो आणि तीव्र उताराच्या घसरणीवरून खाली येऊ लागतो. काही सेकंदांत वेग मोटारीएवढा होतो. मोठ्या टेकडीवर तो तासाला नव्वद किलोमीटरच्या आसपास असतो. घसरण संपते तिथे उडीचा कट्टा. दूरचित्रवाणीवर पाहताना वाटते की हा कट्टा वर वळलेला असावा आणि त्यामुळे माणूस हवेत फेकला जात असावा. प्रत्यक्षात तो दहा-अकरा अंशांनी खालीच झुकलेला असतो. वर जाण्याचा जो काही जोर असतो तो खेळाडूच्या मांड्यांतला. कट्ट्याच्या कडेला, क्षणाच्या एका लहानशा अंशात, त्याला ताठ व्हावे लागते. अंमळ आधी उठला तर जोर वाया जातो, अंमळ उशिरा उठला तर कट्टा पायाखालून निघून गेलेला असतो. मग तो स्कीवर जवळजवळ आडवा होतो आणि हवेवर रेलतो.

उडी जीवघेणी का होत नाही, याचे उत्तर जमिनीत आहे. खाली उतरण्याचा उतारही तीव्र असतो आणि त्याची वळणरेषा उडीच्या मार्गाशी जवळजवळ समांतर चालते. शंभर मीटर लांब उडणारा माणूस जमिनीपासून फार उंच नसतोच. बहुतेक वेळ तो तिच्या अंगाअंगाने जात असतो. म्हणून अशी टेकडी उभी करणे म्हणजे वळण ओळखण्याचे काम. डोंगराचा कोणता उतार कुठे भरायचा, कुठे खणायचा, कट्टा कुठे बसवायचा, हे चुकले तर हाडे मोडतात. दगड-मातीची नजर असलेला माणूस त्याला लागतो. स्टीमबोटला तो मिळाला. तो धंद्याने गवंडी होता.

कार्ल हॉवेलसनचा जन्म १८७७ चा, तेव्हा क्रिस्तियानिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नॉर्वेच्या राजधानीतला. नॉर्वेत स्की हा आधी हिवाळ्यात घराबाहेर पडण्याचा मार्ग होता, खेळ मागाहून आला. १८०८ मध्ये ओलाफ रीये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मारलेली साडेनऊ मीटरची उडी ही या खेळातली पहिली नोंद. पुढे टेलेमार्क भागातल्या मोर्गेदालच्या सोंद्रे नुरहाइम या कूळशेतकऱ्याने लवचीक काटक्या पिळून टाचेला घट्ट बसणारे बंध केले. पाय स्कीला धरून राहिला, आणि उडी मारून उभे राहता येऊ लागले. नुरहाइम पुढे पोट भरायला अमेरिकेला गेला आणि नॉर्थ डाकोटाच्या सपाट माळावर वारला. उडीच्या खेळाला ज्याने पाय दिले त्याला शेवटी टेकडी लाभली नाही, हे वाचून मन हळहळते.

हॉवेलसन १९०३ मध्ये होल्मेनकोलेनच्या मैदानावर ५० किलोमीटरची शर्यत जिंकला. नॉर्वेत याहून मोठा मान नव्हता. पण मानाने चूल पेटत नाही. १९०५ मध्ये तो अमेरिकेला निघाला आणि शिकागोत दगड-विटांच्या कामावर लागला. दोन वर्षांनी बार्नम अँड बेली सर्कशीने त्याला गाठले. तंबूत बर्फ कुठून येणार? उंच घसरण उभी करून तिच्यावर पेट्रोलियम जेली फासत, आणि हॉवेलसन तिच्यावरून घसरत येऊन पलीकडे झेप घेई. जाहिरातीत त्याचे नाव ‘उडता नॉर्समन’. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक श्वास रोखून बघत. होल्मेनकोलेनचा विजेता रोज ठरल्या वेळी जेलीवरून उडी मारतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की पोटात कालवते. पाठ दुखावल्यावर सर्कस सुटली. तो डेन्व्हरला आला आणि पुन्हा हाती थापी घेतली.

१९११ च्या डिसेंबरात एका सोबत्याला घेऊन स्कीवरून डोंगर ओलांडत तो हॉट सल्फर स्प्रिंग्ज या वस्तीत पोचला. तिथे बर्फाचा छोटा मेळा भरणार होता. त्याने लोकांना उडी मारून दाखवली. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्की पाहिल्या होत्या, वापरल्याही होत्या. त्या डोंगराळ भागात टपालवाले लांबलचक लाकडी स्की आणि एकच काठी घेऊन खिंडी पार करीत. पण त्याच फळ्यांवर उभा राहून माणूस हवेत जातो आणि हसत खाली उतरतो, हे त्यांना नवे होते. गवगवा झाला. १९१३ मध्ये हॉवेलसन स्टीमबोटला आला आणि राहिला.

तेव्हाचे स्टीमबोट हजार-बाराशे वस्तीचे. गुरे पाळणाऱ्यांचे, कुरणांचे, खेडवळ. नावामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नदीकाठच्या एका गरम झऱ्यातून ठरावीक अंतराने धाप लागल्यासारखा आवाज येई, वाफेवर चालणाऱ्या बोटीच्या इंजिनासारखा. तो ऐकून फासे लावून शिकार करणाऱ्यांनी जागेला स्टीमबोट म्हटले. १९०८ मध्ये गावापर्यंत रेल्वे आणण्यासाठी काठावर खोदकाम झाले आणि झऱ्याचा आवाज कायमचा बंद पडला. पाणी राहिले, धाप गेली. गावाला रेल्वे हवी होती. तिच्याशिवाय गुरे बाजारात जात नव्हती. पण ज्या आवाजाने नाव दिले तो त्या बदल्यात गेला, आणि पुढे गावाने आपल्याजवळच्या एखाद्या गोष्टीला घट्ट धरून ठेवले असेल तर त्याची मुळे कुठेतरी इथे आहेत, असे आम्हाला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही. पण एकदा काही गमावलेल्या माणसाची मूठ वेगळी असते.

हिवाळा म्हणजे तिथे कोंडवाडा. गुरांना चारा घालायचा, चूल पेटती ठेवायची, शेजाऱ्याचे तोंड आठवड्यातून एकदा बघायचे. घरातल्या चार भिंतींत माणसे एकमेकांवर करवादत. हॉवेलसनचे म्हणणे साधे होते: बर्फ इथे येणारच आहे, तर त्याच्याकडे पाठ कशाला फिरवायची? १९१४ चा पहिला कार्निव्हल त्यातून भरला. उड्या झाल्या त्या वुडचक हिल नावाच्या वेगळ्या टेकडीवर. हॉवेलसनची नजर मात्र नदीपलीकडच्या उतारावर होती. उत्तरेकडे तोंड असलेली जागा, म्हणजे ऊन कमी आणि बर्फ टिकाऊ. गावापासून चालत जाण्याइतकी जवळ. खाली माणसे उभी राहायला सपाट पटांगण. झाडे तुटली, माती सरकली, कट्टा बसला, आणि १९१५ मध्ये उड्या तिकडे गेल्या. दोन वर्षांनी गावाने टेकडीला त्याचेच नाव दिले. माणूस अजून गावात भिंती बांधत होता आणि टेकडी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली होती. जिवंतपणी, कोपराला चुना लागलेला असताना, असा मान फार थोड्यांना मिळतो.

टेकडी चांगली निघाली. १९१६ मध्ये रॅग्नार ओम्टव्हेट इथे १९२ फूट ९ इंच उडाला. १९१७ मध्ये मिशिगनच्या हेन्री हॉलने २०३ फुटांची मजल मारली. त्या काळी जगात एवढी लांब उडी कोणी मारलेली नव्हती. नॉर्वेत पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या खेळाचा जागतिक विक्रम रॉकी पर्वतातल्या एका गुराख्यांच्या गावात झाला. ज्यांनी तो पाहिला ते घरी जाऊन गाईंना वैरण घालणारे लोक होते.

लगेच दोन-तीन वर्षांत हा विक्रम कोलोरॅडोतल्याच दुसऱ्या टेकडीने हिरावून घेतला. डिलन गावाजवळ अँडर्स हॉगन आधी २१३ आणि मग २१४ फूट उडाला. या हॉगनची कथा थोडी आडवाटेची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीला पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. हॉगन चौथा आला, कांस्यपदक नॉर्वेच्या थोर्लेफ हॉगला गेले. पन्नास वर्षांनी कोणीतरी गुणांची बेरीज पुन्हा केली आणि चूक सापडली. १९७४ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमारास असलेल्या हॉगनच्या हाती हॉगच्या मुलीने ते पदक ठेवले. दरम्यान डिलनचे काय झाले? धरणासाठी जुने गावच उठवावे लागले. उडीच्या टेकडीवर त्याआधीच शांतता पसरली होती. आज तिच्या खुणा शोधाव्या लागतात. विक्रमाच्या बाबतीत डिलन वरचढ ठरले होते. टिकण्याच्या बाबतीत विक्रम कामी आला नाही.

हॉवेलसन स्वतः १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आईवडिलांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी नॉर्वेला गेला. परत यायचे म्हणून गेला होता. तिथे लग्न झाले, संसार झाला, आणि येणे राहून गेले. १९५५ मध्ये तो वारला. स्टीमबोटमध्ये तो दहा वर्षेही राहिला नाही. पण या वर्षांत त्याने एक काम नेमाने केले. गावातली पोरे गोळा करून त्यांना त्यांच्या उंचीच्या उड्या बांधून दिल्या. मोठ्या कट्ट्याकडे बोट दाखवून ‘मोठे झालात की तिकडे’ असे त्याने सांगितले नाही. जो कट्टा आज झेपेल तो आजच बांधला. टेकडीचे शरीर अजूनही याच विचाराचे आहे. एका बाजूला गुडघाभर उंचवटे, मग थोडे मोठे, त्याहून मोठे, आणि शेवटी शंभर मीटरपलीकडे नेणारी मोठी उडी. सगळे एकाच उतारावर, शेजारी शेजारी. सहा वर्षांचे पोर आपल्या उंचवट्याच्या माथ्यावर उभे राहून ऑलिंपिकला जाऊन आलेल्या दादाला शेजारच्या कट्ट्यावरून उडताना पाहते. दोघे एकाच पायथ्याला येऊन थांबतात.

गुरू गेला की शिष्य पांगतात, हा जगभरचा अनुभव. इथे गावाने गुरूची जागा घेतली. स्कीचा क्लब सांभाळला, शाळेने स्की आपली मानली, कार्निव्हलमध्ये दर पिढीने काहीतरी भर घातली. १९३६ मध्ये क्लॉडियस बँक्स अंगावर दिव्यांची माळ आणि पाठीवर बॅटऱ्या बांधून अंधारात टेकडीवरून उतरला, आणि ‘प्रकाशमान माणूस’ ही परंपराच झाली. पुढे तो वेश त्याच्या मुलाने चढवला. रात्री पोरे हातांत मशाली घेऊन रांगेने खाली येतात. त्या ठिपक्यांची माळ वळणे घेत नदीकडे सरकते. धीट खेळाडू जळत्या कड्यातून पार होतात. एरवी उन्हाळ्यात पायथ्याच्या मैदानावर गुराख्यांचे रोडिओचे खेळ चालतात. हिवाळा आणि उन्हाळा, दोन्ही एकाच मैदानात मावतात.

बडी वर्नर याच गावचा, १९३६ चा. पोरवयात इथल्या कट्ट्यांवरून उड्या मारणारा. मोठेपणी तो उतारावरच्या वेगाच्या शर्यतींकडे वळला आणि १९५९ मध्ये ऑस्ट्रियातली हानेनकामची डाउनहिल शर्यत जिंकणारा पहिला अमेरिकन पुरुष ठरला. १९६४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हिमलोटाखाली सापडून तो गेला. वय अठ्ठावीस. गावाजवळच्या मोठ्या डोंगरावर नुकतेच पर्यटकांसाठी स्की-केंद्र उघडले होते. त्या डोंगराला वर्नरचे नाव मिळाले. स्टीमबोटचा भाव त्यानंतर बदलला. जगभरातून लोक येऊ लागले, जमिनीचे दर चढले, नवी हॉटेले झाली. अशा वेळी नदीकाठच्या जुन्या टेकडीचे दिवस भरले, असेच कोणीही धरून चालले असते. गावातल्या ऐन मोक्याच्या जागेवर, पैसे न मिळवणारा उतार ठेवतो कोण?

१९७२ हे वर्ष या दृष्टीने कसोटीचे होते. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक डेन्व्हरला मिळाले होते आणि काही स्पर्धा स्टीमबोटला घ्याव्यात असा बेत चालला होता. त्याच साली आगीत उडीचे मचाण जळाले. नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी खर्च आणि डोंगरांची नासाडी या भीतीने ऑलिंपिकला सार्वजनिक पैसा द्यायला नकार दिला. मिळालेले ऑलिंपिक मतदारांनी नाकारण्याचा हा एकमेव प्रसंग. त्या नकाराचा निर्णय राज्यासाठी बरोबर होता, असे आमचे मत आहे. पण स्टीमबोटच्या हाती त्या हिवाळ्यात उरले काय? जळकी लाकडे आणि हुकलेली पाहुणचाराची संधी. जगाला दाखवण्यासाठी म्हणून टेकडी हवी असती, तर विषय तिथेच संपला असता. पुढच्या काही वर्षांत मचाण पुन्हा उभे राहिले.

अमेरिकेत इतरत्र नेमके याच काळात उलटे घडत होते. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धांतून १९८० नंतर स्की उडी काढून टाकली. विम्याचे हप्ते परवडेनात. शाळांनी हात आखडता घेतला. आज शालेय पातळीवर हा खेळ न्यू हॅम्पशायर या एकाच राज्यात उरला आहे. एकेकाळी उत्तरेकडच्या कितीतरी गावांना आपापली उडीची टेकडी होती. त्यांतल्या बहुतेकांवर आज झाडे वाढली आहेत.

व्हर्माँट राज्यातले ब्रॅटलबरो हे टेकडी राखलेल्या थोड्या गावांतले एक, आणि त्याचा आपल्याशी दूरचा नातेसंबंध आहे. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ मध्ये जन्मलेला रुडयार्ड किपलिंग लग्नानंतर १८९२ ते १८९६ ही वर्षे ब्रॅटलबरोच्या सीमेवर राहिला. घराचे नाव त्याने ठेवले ‘नौलखा’. मोगली, बल्लू आणि शेरखान कागदावर उतरले ते याच मुक्कामात, खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ असताना. आर्थर कॉनन डॉयलने त्याला स्कीची जोडी पाठवली होती, आणि त्या भागात कोणी फारशा स्की पाहिल्याही नव्हत्या तेव्हा मध्य भारतातल्या जंगलाचा हा कथाकार त्यांवर धडपडत होता, असे सांगतात. तिथे १९२२ मध्ये फ्रेड हॅरिसने उडीची टेकडी बांधली. या शतकाच्या पहिल्या दशकात ती नव्या नियमांत बसेना म्हणून बंद पडली. लोकांनी वर्गणी काढली, टेकडी नव्याने घडवली आणि २००९ मध्ये उड्या पुन्हा सुरू केल्या. म्हणजे स्टीमबोट एकटे नाही. पण अशी गावे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

आता हॉवेलसन हिलच्या मुळाशी असलेल्या अडचणीकडे येऊ. ही टेकडी घसरते. तिची माती मुळात ठिसूळ. वितळत्या बर्फाचे पाणी मुरले की उतार हलतो, कट्टे तिरके होतात, पट्टे दुरुस्त करावे लागतात. एकदा दुरुस्त करून निभत नाही. पुन्हा काही वर्षांनी तेच. मालकी नगरपालिकेची, म्हणून खर्चही तिचाच, आणि तिकिटांच्या उत्पन्नातून तो भरून निघत नाही. गावात यावर वाद होतात, ते व्हायलाच हवेत. करदात्याचा पैसा एका घसरत्या डोंगरात किती वर्षे ओतायचा, हा प्रश्न रास्त आहे. पाणी, रस्ते, कामगारांना परवडणारी घरे अशा गरजा रांगेत उभ्या असतात. पर्यटकांच्या गावात राहणाऱ्या शिक्षकाला आणि सुताराला घर मिळत नाही, हे दुखणे तर रोजचे आहे.

या वादात आमचे माप टेकडीच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण पदकांत नाही. गावाजवळच्या डोंगरावरील मोठ्या स्की-केंद्रातले दिवसाचे तिकीट गावातल्याच सामान्य कुटुंबाच्या खिशाला जड जाते. ज्या बर्फात आपण जन्मलो त्यावर घसरायला पाहुण्यासारखे पैसे मोजावे लागावेत, याहून गावाची मोठी हार नाही. हॉवेलसन हिल ही हार होऊ देत नाही. शाळा सुटली की पोर चालत पूल ओलांडते आणि उतारावर जाते. अलीकडच्या हिवाळ्यांत नगरपालिकेने रविवारी फुकट स्की करू दिले. गरीब-श्रीमंत, जुना-नवा, घरमालक आणि भाडेकरू, सगळ्यांची पोरे एका रांगेत उभी राहतात. ती रांग विकत घेता येत नाही. एकदा मोडली तर पुन्हा उभारायला दोन पिढ्या लागतात. माती घसरते ती पुन्हा भरता येते.

पदके या रांगेतून आली. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकपर्यंत नॉर्डिक कम्बाइंड, म्हणजे आधी उडी आणि मग स्कीवरची दमछाक करणारी धाव, या प्रकारात अमेरिकेला एकही पदक नव्हते. ते पहिले पदक जिंकले स्टीमबोटच्या जॉनी स्पिलेनने. त्याच स्पर्धेत त्याने आणखी दोन रौप्यपदके मिळवली. त्यांतले सांघिक रौप्य पटकावणाऱ्या चौघांत त्याच्यासोबत स्टीमबोटचाच टॉड लॉडविक होता. लॉडविक सहा ऑलिंपिक खेळला. २०१४ मध्ये सोचीला अमेरिकेचा ध्वज त्याच्या हाती होता.

अजून एक गोष्ट बोलली पाहिजे. स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये स्की उडी मारू द्यायला २०१४ साल उजाडले. त्याआधी २०१० च्या स्पर्धेसाठी खेळाडू मुली कॅनडाच्या न्यायालयात गेल्या होत्या. त्यांच्यावर भेदभाव होतो आहे हे न्यायालयाने मानले, पण निर्णय आपल्या अधिकाराबाहेरचा म्हणून हात टेकले. आणि नॉर्डिक कम्बाइंडमध्ये हे दार २०२६ च्या ऑलिंपिकपर्यंतही उघडलेले नाही. हिवाळी ऑलिंपिकमधला स्त्रियांना वगळणारा हा एकमेव खेळ. स्टीमबोटची अनिका मालासिन्स्की याविरुद्ध वर्षानुवर्षे जाहीरपणे बोलते आहे. तिचा भाऊ निक्लास हाच खेळ खेळतो. दोघांचे गाव एक, घर एक. ऑलिंपिकचे दार त्याला खुले आणि तिला बंद. ज्या टेकडीने कोणाला कधी विचारले नाही की तू कोण, तिच्या गावच्या मुलीला हा अन्याय सोसावा लागतो, याची चीड यायला हवी.

गवंड्याच्या हातची कामे बहुधा निनावी असतात. घर मालकाच्या नावाने ओळखले जाते, पूल मंत्र्याच्या. स्टीमबोटमध्ये हॉवेलसनने बांधलेल्या भिंती कोणत्या, हे आज येणाजाणाऱ्याला सांगता येणार नाही. त्याने जे आखले ते मात्र दगडाविटांत नव्हतेच. ते होते मातीतले एक वळण आणि पोरांची एक सवय. ते वळण दरवर्षी बर्फाने झाकले जाते, पाण्याने खचते, आणि कोणीतरी फावडे घेऊन ते पुन्हा आखते.

फेब्रुवारीची संध्याकाळ लवकर काळोखते. टेकडीवरचे दिवे लागतात. लहान उडीच्या शेजारी मोजणीसाठी पालक अंतराअंतराने उभे असतात. पोराचे पाय जिथे टेकतील तिथे ज्याने त्याने हात करायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. पूर्वी मोठ्या स्पर्धांतही असेच मोजत. वर एक मुलगी फळीवर बसली आहे. हेल्मेट तिच्या डोक्याला जरा मोठे होते. खाली उभ्या प्रशिक्षकाने वारा पाहिला, घसरण मोकळी आहे याची खात्री केली, आणि हातातला झेंडा खाली आणला. मुलीने फळी सोडली. कट्ट्याच्या टोकाला ती थोडी उशिरा उठली. हवेत क्षणभर दोन्ही हात पंखांसारखे बाहेर आले, मग अंगाशी गेले, आणि ती खाली टेकली, डगमगली, उभी राहिली.

‘साडेसात!’ बाजूने कोणीतरी ओरडले.

ती वळून मागेही न बघता स्की काढून खांद्यावर टाकते आणि पायऱ्यांकडे चालू लागते. रांगेत तिच्यापुढे अजून चार जण आहेत.